मुलीला नर्सिंगला घालताना

पी.यु.सी.चा निकाल लागला, की आमच्या सीमाभागातील गावांत दोन प्रकारची माणसे दिसू लागतात. पेढ्यांचा पुडा घेऊन शाळेत येणारे पालक, आणि त्यांच्या मागोमाग रंगीत माहितीपुस्तिका घेऊन गल्लोगल्ली फिरणारे एजंट. 'मुलीला नर्सिंगला घाला, तीन वर्षांत पगार सुरू' हे वाक्य पारावर, दूध डेअरीच्या रांगेत, सगळीकडे ऐकू येते. ते सर्वस्वी खोटे आहे असे नाही. परंतु त्यातले खरे किती आणि खोटे किती, हे पारखण्याचे साधन आपल्यापाशी नसते. अशा वेळी पालक शाळेतल्या मास्तरांकडे येतात. मास्तरांनाही ठाऊक नसले तर काय होते, याचा अनुभव मी घेतला आहे. तोच आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी वडिलांबरोबर माझ्याकडे आली. हुशार, कष्टाळू मुलगी. हातात एका नर्सिंग स्कूलची माहितीपुस्तिका होती. ती शुद्ध मराठीत छापलेली, पहिल्या पानावर शिवरायांचे चित्र, आत 'सीमाभागातील मराठी कन्यांसाठी खास सवलत' असा मजकूर. मी शाळेचा शिक्षक, त्यातून मराठी शाळा टिकाव्यात म्हणून झटणाऱ्या समितीचा सदस्य. इथे पाटी, पावती, नोटीस काहीच धडपणे मराठीत मिळत नसताना, मराठीत छापलेली पुस्तिका पाहून मला भरून आले. मी म्हटले, "चांगले दिसते, घाला." वडिलांनी सोसायटीचे कर्ज काढले. वर्ष संपत आले तरी परीक्षेचे हॉल तिकीट येईना. चौकशी केली तेव्हा कळले, की त्या वर्षीच्या तुकडीला मान्यताच नव्हती. मुलीचे एक वर्ष गेले. निम्मी फी परत मिळवताना वडिलांच्या चपला झिजल्या. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. तेच मला अधिक लागले. भाषा आपली म्हणून माणूस आपला, आणि माणूस आपला म्हणून कारभार चोख, असा हिशेब मी केला होता. तो चुकला.

तीच मुलगी पुढे दुसऱ्या संस्थेतून शिकली आणि आज महाराष्ट्रात एका रुग्णालयात परिचारिका आहे. मागच्या दिवाळीत भेटायला आली तेव्हा म्हणाली, "सर, माझे नाव सांगू नका, पण आता कुणी विचारायला आले तर एवढे प्रश्न त्यांना सांगा." तिने सांगितलेले आणि त्यानंतर मी स्वतः विचारपूस करून गोळा केलेले असे हे लिखाण आहे.

पहिली गोष्ट, 'नर्स' आणि 'नोंदणीकृत नर्स' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. राज्याच्या नर्सिंग कौन्सिलच्या नोंदवहीत जिचे नाव चढते, ती नोंदणीकृत परिचारिका. सरकारी नोकरी, मोठ्या रुग्णालयातील कायम जागा, परदेशी जाण्याची संधी, सगळे त्या नोंदणीवर अवलंबून. तिथे पोहोचण्याच्या मुख्य वाटा दोन. बारावीनंतर तीन वर्षांची जी.एन.एम. पदविका, किंवा चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग पदवी. बी.एस्सी.ला बारावी विज्ञान शाखेतून भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत. जी.एन.एम.ला कला शाखेची मुलगीही जाऊ शकते, मात्र इंग्रजी विषय उत्तीर्ण हवा. जी.एन.एम. झालेल्या मुलीला पुढे दोन वर्षांत पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते, म्हणजे तिची वाट तिथेच संपत नाही. ए.एन.एम. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सहाय्यक परिचारिका-प्रसविकेचा. उपकेंद्रातल्या सिस्टर आपण पाहतो, ते काम. त्याचीही नोंदणी होते, पण ती वेगळ्या वर्गात. आणि सहा महिन्यांचे, वर्षाचे 'नर्सिंग असिस्टंट', 'होम नर्सिंग' असे जे कोर्स चालतात, त्यांतून नोंदणी होत नाही. ते काम हलके नव्हे, पण त्याला जी.एन.एम. म्हणून विकणे ही फसवणूक आहे. मुले असोत वा मुली, हा हिशेब दोघांनाही सारखाच.

दुसरी गोष्ट मान्यतेची. 'आम्हाला सरकारी मान्यता आहे' या वाक्यावर थांबू नये. कोणाची मान्यता, कोणत्या अभ्यासक्रमाला, किती जागांना आणि कोणत्या वर्षासाठी, हे चार प्रश्न विचारावेत. संस्थेला ए.एन.एम.ची मान्यता असते आणि पाटीवर जी.एन.एम. रंगवलेले असते. चाळीस जागा मंजूर आणि साठ मुली भरलेल्या, असेही घडते. वरच्या वीस जणींचे काय होणार? कर्नाटकातील संस्थेची चौकशी बेंगळूरच्या कर्नाटक राज्य नर्सिंग कौन्सिलकडे, महाराष्ट्रातील संस्थेची मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे करावी. पदवीचे महाविद्यालय असेल तर विद्यापीठ पाहावे. कर्नाटकात बहुतेक महाविद्यालये बेंगळूरच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी, महाराष्ट्रात नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असतात. काही अभिमत विद्यापीठांचीही असतात. १९४७ च्या कायद्याने भारतीय नर्सिंग परिषद स्थापन झाली. २०२३ साली संसदेने त्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय आयोगाचा नवा कायदा संमत केला. नियम बदलत राहतात. म्हणून शेजारच्या मुलीला दोन वर्षांपूर्वी चालले ते आपल्याला चालेलच असे धरून बसू नये. त्या वर्षीचा कागद मागावा.

तिसरी गोष्ट आपल्या सीमाभागाची खास अडचण. दुसऱ्या जिल्ह्यातल्या मुलीला एकच राज्य असते. आपल्याला दोन असतात, आणि कित्येकदा एकही नसते. ज्या राज्यात शिक्षण, त्या राज्याच्या कौन्सिलकडे पहिली नोंदणी. बेळगावात शिकलेल्या मुलीला कोल्हापुरात कायम काम करायचे तर कर्नाटकाचा ना-हरकत दाखला घेऊन महाराष्ट्रात नोंदणी करावी लागते. मिरजेत शिकलेलीला बेळगावात काम करायचे तर तेच उलट. ही वाट बंद नाही, पण त्यात महिने जातात, हे आधी माहीत असावे. ८६५ गावांतील मराठी भाषक उमेदवारांसाठी महाराष्ट्रात काही व्यावसायिक प्रवेशांत आणि सेवाभरतीत तरतूद केलेली आहे. आपल्याला हव्या त्या नर्सिंग अभ्यासक्रमाला ती त्या वर्षी लागू आहे का, हे प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत पाहावे, आणि रहिवासाचा व मातृभाषेचा दाखला निकालाआधीच काढून ठेवावा. दाखल्यासाठी शेवटच्या दिवशी धावणारे पालक मी दर वर्षी पाहतो. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. मुलीच्या प्रवेशाची तारीख त्यासाठी थांबत नाही.

चौथी, आणि माझ्या विद्यार्थिनीच्या मते सर्वांत मोठी गोष्ट : इमारत पाहू नका, वॉर्ड पाहा. काचेची इमारत, संगणक कक्ष, गणवेशातल्या मुलींचे फोटो, यांनी नर्स घडत नाही. नर्स घडते ती रुग्णाच्या खाटेपाशी. संस्थेचे स्वतःचे रुग्णालय आहे का? पदवी महाविद्यालयाला शंभर खाटांचे रुग्णालय असावे असे परिषदेचे निकष सांगतात. एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण आणि दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षिका, हेही त्यातच आहे. म्हणून प्रवेशापूर्वी एका साध्या दिवशी, न कळवता, त्या रुग्णालयात जाऊन बसावे. खाटा भरलेल्या आहेत की चादरी नुसत्याच घडी घालून ठेवल्या आहेत? बाळंतपणाचा वॉर्ड चालू आहे का? मुलींना ठरावीक बाळंतपणे प्रत्यक्ष करून वहीत नोंदवावी लागतात. जिथे बाळंतपणेच होत नाहीत, तिथे वही कशी भरत असतील याचा विचार आपणच करावा. जेवणाच्या सुट्टीत तिसऱ्या वर्षाच्या दोघी मुलींना विचारावे, "बाळ, तुम्हाला वॉर्डात शिकवायला कोण येतं?" या एका प्रश्नाचे उत्तर शंभर पानी पुस्तिकेपेक्षा अधिक सांगते.

पैशाचेही याच रीतीने. पहिल्या वर्षाची फी नव्हे, सगळ्या वर्षांची फी, वसतिगृह, गणवेश, परीक्षा, प्रवास असा एकूण आकडा लेखी मागावा. पावती संस्थेच्या नावाची हवी, एजंटाच्या नव्हे. मूळ प्रमाणपत्रे दाखवावीत, तपासू द्यावीत आणि परत आणावीत. ती अडकली की मुलगी अडकते.

आता भाषेविषयी. या शिक्षणाचे माध्यम इंग्रजी आहे. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलीला पहिले सहा महिने जड जातात, हे खरे. पण ती मागे पडते ती बुद्धीने नव्हे, शब्दांनी. निकालापासून प्रवेशापर्यंतच्या दोन महिन्यांत शरीराच्या अवयवांची, रोगांची इंग्रजी नावे मराठी अर्थासह वहीत उतरवून काढली तरी पुष्कळ ओझे कमी होते. आमच्या शाळेत आम्ही आता अशी वही करून घेतो.

रुग्णालयात मात्र इंग्रजी फक्त कागदावर असते. खाटेवर असते ती रुग्णाची भाषा. माझ्या आईला एकदा एका शहरातल्या रुग्णालयात ठेवले होते. रात्री ती म्हणाली, "जीव घाबरा होतोय." ड्युटीवरची मुलगी परप्रांतातली, मनाने चांगली. तिने हात धरून "डरो मत, अम्मा" असे सांगितले आणि ती गेली. तिला वाटले म्हातारी भ्यायली आहे. पुढच्या फेरीला खानापूरकडची एक सिस्टर आली. तिने तोच शब्द ऐकला, लगेच नाडी पाहिली आणि डॉक्टरांना बोलावले. घाबरा होणे म्हणजे भिणे नव्हे, हे तिला कुणी कॉलेजात शिकवले नव्हते. कळ, ठणका, चमक, मुरडा, शिणक ही आपली दुखण्याची भाषा आहे, आणि ती ज्या मुलीच्या कानात बसली आहे तिच्या हातात एक औषधच आहे.

पण याच न्यायाने, शेजारच्या खाटेवरची अज्जी "नोवु" म्हणेल तेव्हा तेही तिला कळले पाहिजे. मराठीतून कागदपत्रे मिळावीत ही आमची मागणी रास्त आहे आणि ती आम्ही सोडणार नाही. परंतु रुग्णाचे कण्हणे म्हणजे सरकारी परिपत्रक नव्हे. कन्नड शिकल्याने आपल्या मुलीची मराठी उणी होत नाही. सीमेवरच्या मुलीला दोन्ही भाषा येतात हीच तर तिची मिळकत आहे. बेळगाव, निपाणी, मिरज, कोल्हापूर कुठल्याही वॉर्डात ती मिळकत कामी येते.

माझ्या त्या विद्यार्थिनीचे वडील परवा बाजारात भेटले. धाकटीलाही नर्सिंगला घालायचे म्हणत होते. मी म्हटले, "कागद घेऊन या, वाचू." ते हसले. "सर, कागद थोरलीनं पाहिलाय. आता वॉर्ड बघायला जायचंय, तुम्ही येता का?"

मी येत्या रविवारी त्यांच्याबरोबर जाणार आहे.