उसाची कांडी, गुळाचा खडा

तीन-चार वर्षांच्या मुलांना शिकवायला महागडे संच लागत नाहीत. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत ग्रामीण बालवाडी सुरू केली, तेव्हा शिंपले, बिया, पानं हीच साधनं होती. जे भोवती मिळतं तेच साधन. वारणानगरात साखर कारखान्याभोवती ऊसच ऊस. मग तिथल्या बालवाडीतल्या खेळांची आखणीही उसापासूनच करावी. कांडी मोजायची, लांब-आखूड क्रमाने लावायची. गुळाचा खडा आणि तेवढाच कुटलेला गूळ कोमट पाण्याच्या दोन पेल्यांत टाकून सारखंच ढवळायचं. आधी काय विरघळेल? अंदाज मुलांना करू द्यावा, आपण गप्प राहावं. मोठ्यांना हेच सर्वांत जड जातं. कुटलेला आधी विरघळतो, कारण त्याच्या जास्त भागाला पाणी भिडतं. चित्रकलेला भेंडीचे ठसे पुरतात. एका बैठकीला १५ मिनिटं पुष्कळ झाली. चिंचोके मोजायला दिलेत तर मात्र नजर हटवू नका. ते नाकाकानात जातात.