डिझाइनच्या लॅपटॉपला रॅम आधी की मोठा पडदा आधी?

जकार्डचा ग्राफ असो की डिजिटल प्रिंटची साडी, आपल्या कपड्याच्या धंद्यात डिझाइन आता बहुतेक ठिकाणी कॉम्प्युटरवर होते. नवीन मशीन परवडत नाही म्हणून पुष्कळ कारागीर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कंपन्यांनी वापरून काढलेला वर्कस्टेशन लॅपटॉप आणतात. लेनोवोचा थिंकपॅड पी, डेलचा प्रिसिजन, एचपीचा झेडबुक ही त्यातली नेहमीची नावे. माल मजबूत असतो, सौदा वाईट नाही. पण काम अडू लागले की दुकानदार एकच इलाज सांगतो, "रॅम वाढवा." 2025 च्या उत्तरार्धापासून एआयच्या मोठमोठ्या केंद्रांच्या मागणीमुळे मेमरीचे भाव जगभर चढले. तेव्हा खिशात हात घालण्याआधी थोडा हिशेब करणे बरे.

प्रथम जकार्ड घ्या. 2,688 हुकांचे इलेक्ट्रॉनिक जकार्ड आणि 10,000 पिकांचा ग्राफ धरला तर एकूण घरे होतात 2 कोटी 68 लाख 80 हजार. ग्राफात रंग मोजकेच असतात, त्यामुळे एका घराला मेमरीतला एक बाइट पुरतो. म्हणजे सगळी फाइल सुमारे 27 एमबी. एवढे ओझे 8 जीबीचा लॅपटॉपही सहज उचलतो.

आता डिजिटल प्रिंटची साडी पाहा. पन्हा 44 इंच, लांबी साडेपाच मीटर आणि इंचाला 300 ठिपके. रुंदीत 13,200 व लांबीत सुमारे 65,000, म्हणजे जवळपास 86 कोटी ठिपके. छपाईच्या चार रंगांचे चार बाइट धरले तर एकच थर सुमारे 3.4 जीबीचा होतो. जमीन, काठ, पदर, बुट्टी असे थर वेगळे ठेवले की 16 जीबी बघता बघता संपते आणि मशीन डिस्कवर लिहू लागते. मग प्रत्येक कामाला थांबावे लागते. (फोटोशॉपची साधी पीएसडी फाइल 30,000 ठिपक्यांच्या पुढे जात नाही. असे काम पीएसबीमध्ये ठेवावे लागते.) छापणाऱ्याला 150 ठिपके चालत असतील तर ओझे निम्मे नव्हे, चौथाईवर येते, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. हे आधी विचारून घ्यावे.

माझे मत असे की प्रिंटवाल्याने रॅम घ्यावी आणि जकार्डवाल्याने पडदा. जकार्डवाल्याची अडचण मेमरीची नसून नजरेची आहे. साध्या फुल एचडी पडद्यावर आडवे 1,920 ठिपके असतात. एका हुकाला एक ठिपका दिला तरी 768 हूक पडद्याबाहेर राहतात आणि डावा काठ पाहताना उजवा दिसत नाही. 4के मॉनिटरवर 3,840 ठिपके असतात. सगळे हूक एका नजरेत मावतात, वर हत्यारांच्या पट्ट्यांसाठी 1,152 ठिपके उरतात.

रॅम वाढवायची ठरली तर लॅपटॉप उघडण्याआधी विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचे पान पाहा. रॅम किती, वेग किती, चारपैकी किती स्लॉट भरलेत, सारे तिथे दिसते. थिंकपॅड पी-50 (2015) मध्ये चार स्लॉट असतात, दोन पाठीच्या झाकणाखाली आणि दोन कीबोर्डखाली. त्यात 64 जीबीपर्यंत रॅम बसते. 2018 च्या पी-52 मध्ये 128 जीबीपर्यंत. आज घ्यायचाच असेल तर पी-52 बरा. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि पी-50 चा प्रोसेसर विंडोज 11 च्या अधिकृत यादीत नाही.

डीडीआर3, डीडीआर4 आणि डीडीआर5 यांची खाच वेगवेगळ्या जागी असते. एकीची पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही, जोर लावू नये. सारख्या दोन पट्ट्यांची जोडी घ्यावी, म्हणजे दोन्ही वाटांनी काम चालते. वेग कमी-जास्त असले तर सगळ्या पट्ट्या सर्वांत हळू पट्टीच्या चालीने चालतात. झिऑन प्रोसेसरच्या मशीनमध्ये ईसीसी रॅम असू शकते, तिच्यासोबत साधी लावू नये. पातळ लॅपटॉपमध्ये पुष्कळदा रॅम बोर्डालाच डाग देऊन बसवलेली असते. असा माल घेताना पुढे रॅम वाढण्याची आशाच ठेवू नये.

उघडण्याचे काम यंत्रमागाच्या शेडमध्ये करू नका, तिथे तूस उडतो. पॉलिएस्टरचा सदरा घालून तर मुळीच नको. थंडीत त्याची चटचट आपण सर्वांनी ऐकली आहे, तीच वीज चिप जाळते. चार्जर काढा, बॅटरीचा जोड सोडवा, उघड्या धातूला हात लावा. पट्टी तिरकी धरून सोनेरी दाते दिसेनासे होईपर्यंत सरकवा, मग खाली दाबा. दोन्ही बाजूंचे चाप वाजले पाहिजेत. पहिल्या वेळी पडदा थोडा वेळ काळा राहतो, घाबरून बटण दाबू नका. मशीन सुरू झाले की विंडोजची मेमरी तपासणी चालवा, आणि ती परतीची मुदत संपण्याआधी चालवा.

पडद्याच्या बाबतीत फसगत होते ती वायरीत. पी-50 चे एचडीएमआय 1.4 जातीचे आहे. त्यावर 4के चित्र सेकंदाला फक्त 30 वेळा बदलते आणि माउस ओढताना हाताला जड लागतो. त्याच मशीनच्या मिनी डिस्प्लेपोर्टवर तोच मॉनिटर 60 वर चालतो. वायर बदलायची, मॉनिटर नाही! जुने व्हीजीए ग्राफच्या कामाला घेऊच नये, घरांच्या रेषा अंधुक होतात. डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणारा स्वस्त जोड उलट दिशेने चालत नाही. यूएसबी-सी चे तोंड दिसले म्हणून त्यातून चित्र येईलच असेही नाही. थंडरबोल्टची विजेची खूण असेल तर येते, नाहीतर त्या मॉडेलची माहिती पाहावी.

कित्येक वर्कस्टेशनमध्ये बाहेरच्या पडद्याचे पोर्ट एनव्हीडियाच्या कार्डाला जोडलेले असतात. त्याचा ड्रायव्हर नीट नसेल तर लॅपटॉपचा स्वतःचा पडदा चालतो आणि मॉनिटर काळाच राहतो. दुकानदार म्हणतो पोर्ट गेले. आधी कार्डाचा ड्रायव्हर नव्याने टाका, बायोसमध्ये ग्राफिक्सची निवड बदलून पाहा, मग विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबून एक्सटेंड निवडा. जुना माल विकत घेतानाच घरून आपली वायर न्या, दुकानातल्या कोणत्याही मॉनिटरला प्रत्येक पोर्ट लावून पाहा, आणि पैसे त्यानंतर मोजा.