निपाणीचा जर्दा

पाइपाचे शोकीन तंबाखूची पारख डब्यावरील नांवानें करतात. परंतु तिचा गुण ठरतो तो शेतांत आणि पान वाळविण्याच्या रीतींत. व्हर्जिनिया जातीचें पान बंद भट्टींत, धूर लागूं न देतां, उष्णतेनें सुकवितात. त्यामुळें त्यांतील साखर टिकते व धूर सौम्य लागतो. निपाणीच्या काळ्या जमिनींतील विडीची तंबाखू उन्हांत वाळते. ती उग्र, आणि हा उग्रपणाच तिचें आकर्षण. वखारींत निरनिराळ्या शेतांतील जर्दा अशा बेतानें मिसळतात कीं, चव दरसाल तीच राहावी.

मग पिकविणाऱ्याच्या पदरीं काय? आज कारखान्यांनीं वेढलेल्या चाकणला हाच प्रश्न कांद्यासाठीं विचारला गेला होता. जवळच्या आंबेठाणचे शेतकरी नेते शरद जोशी यांनीं तो १९८१ सालीं निपाणीस नेला. तंबाखू-उत्पादक पुणें-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिल रोजीं गोळीबार झाला आणि शेतकरी प्राणांस मुकले.

तंबाखू देहास घातक, हें आतां निर्विवाद आहे. तेव्हां तिची स्तुति नको. परंतु जी चव माती आणि मेहनत देतात, तिच्या मोलासाठीं रक्त सांडावें लागलें, हें धुरांत विरूं देऊं नये.