हाडाला दिलेला वेळ

संगणकाच्या पडद्यावर आईचा खालचा जबडा दिसत होता. डॉक्टर माऊस फिरवत होत्या, तसतसे त्याचे पातळ पातळ काप एकामागून एक पुढे सरकत होते. उजवीकडच्या पहिल्या दाढेची जागा रिकामी आहे, हे आम्हाला माहीतच होतं. पण त्या जागेखालचं हाडही कमी झालंय, हे आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. शेजारच्या दाढांभोवती रुंद असलेली जबड्याची कड इथे वरच्या बाजूला अरुंद होत गेली होती. नांगर न लागलेल्या शेताचा बांध पावसागणिक खचावा, तशी.

"दाढ काढून किती वर्षं झाली, अम्मा?" डॉक्टरांनी कन्नडमध्ये विचारलं. आईने बेळगावच्या कन्नडमध्ये उत्तर दिलं, की नक्की आठवत नाही, पण मागची दाढ होती, कोणाला दिसत नव्हती, म्हणून राहून गेलं.

असं राहून जाणं घरोघरी असतं. पुढचा दात पडला तर माणूस आठवडाभरात दवाखाना गाठतो. दाढ गेली तर दुसऱ्या बाजूने चावायला शिकतो. आईनेही तेच केलं होतं. कडक भाकरी ताकात भिजवून खायची, भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट करून घ्यायची, पेरू नातवाला द्यायची. तोंडात मात्र दुसरंच काही चाललं होतं. समोर आधार न उरल्याने वरची दाढ थोडी खाली उतरली होती आणि मागची दाढ रिकाम्या जागेकडे कलली होती. दात उपटला की त्याला धरून ठेवणाऱ्या हाडाला काम उरत नाही आणि शरीर ते हाड परत शोषून घेऊ लागतं. वर्षभरात त्या जागेची रुंदी जवळपास निम्म्याने कमी होऊ शकते आणि त्यातली बहुतेक घट पहिल्या काही महिन्यांतच होते.

बंगळुरूच्या के. आर. पुरममधला हा दवाखाना ओल्ड मद्रास रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत, औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. बाहेरच्या बाकावर दूरवाणीनगरच्या आयटीआय कारखान्यातून निवृत्त झालेले आजोबा आणि व्हाइटफिल्डकडे निघालेली, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेली मुलगी शेजारी शेजारी बसलेली असतात. हँगिंग ब्रिजवरची कोंडी चुकवून आम्ही वेळेत पोचायचो ते मेट्रोच्या कृपेने. इथल्या डॉक्टरांचं प्रशिक्षण कृत्रिम दात बसवण्याच्या शाखेतलं, म्हणजे प्रोस्थोडॉन्टिक्सचं. मी शेजारी उभी राहून पाहू का, असं विचारल्यावर त्यांनी मला टोपी, मास्क आणि गाऊन दिला.

पर्याय तीन होते आणि डॉक्टरांनी ते तिन्ही सारख्याच शांतपणे सांगितले. काढता-घालता येणारा दात सर्वांत स्वस्त, पण तो हिरडीवर टेकतो, त्यामुळे चावण्याचा जोर कमी पडतो. ब्रिज पक्का बसतो, पण त्यासाठी दोन्ही बाजूंच्या दाढा घासून लहान कराव्या लागतात. त्या आधीच कीड लागलेल्या किंवा कॅप बसवलेल्या असतील तर ब्रिज हा चांगला उपाय आहे. निरोगी दाढा मात्र केवळ आधारासाठी घासाव्या लागतात. शिवाय मधल्या जागेतलं हाड झिजायचं थांबत नाही. इम्प्लांटमध्ये शेजाऱ्यांना हात लावावा लागत नाही, कारण मुळाच्या जागी टायटॅनियमचा स्क्रू थेट हाडात बसतो. त्यावर अबटमेंट नावाचा जोडतुकडा आणि त्यावर कॅप.

आईने इम्प्लांट निवडलं, पण डॉक्टरांनी तारीख दिली नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी 8 च्या वर आली होती. "आधी साखर, मग स्क्रू," असं त्या म्हणाल्या. साखर आटोक्यात नसेल तर जखम सावकाश भरते, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि हाड नीट जोडलं जात नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून कधी इंजेक्शन किंवा गोळ्या घेतल्या का, घरात तंबाखू आहे का, हेही त्यांनी खोदून विचारलं. हाडांची काही औषधं जबड्याची जखम भरण्यात अडथळा आणतात, ही गोष्ट अनेक घरांना माहीत नसते आणि विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. आईने चालणं वाढवलं, रात्रीचा भात सोडला आणि पुढच्या तपासणीत आकडा खाली आल्यावरच तारीख मिळाली.

ही सारी पद्धत उभी आहे ती हाडाच्या एका गुणावर. स्वीडनमधले पर-इंगवार ब्रोनेमार्क 1952 च्या सुमारास सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहण्यासाठी टायटॅनियमची बारीक दुर्बीण-नळी बसवून प्रयोग करत होते. अभ्यास संपल्यावर नळी काढायला गेले, तर ती निघेना. हाड तिला घट्ट चिकटलं होतं. हवा लागताच टायटॅनियमवर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर तयार होतो. या थराला शरीर परकं मानत नाही आणि हाडाच्या पेशी त्याला लागूनच नवं हाड रचतात. 1965 मध्ये ब्रोनेमार्क यांनी गॉथेनबर्गमधल्या एका रुग्णाच्या खालच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. तो रुग्ण 2006 मध्ये वारला, तोवर ते स्क्रू काम देत होते. तरीही जगभरच्या दंतवैद्यांनी ही पद्धत मनापासून स्वीकारली ती 1982 च्या टोरांटोच्या परिषदेनंतर. 

शस्त्रक्रियेच्या दिवशी आईचा रक्तदाब मोजला गेला, तोंड जंतुनाशकाने धुतलं गेलं आणि भुलीचं इंजेक्शन दिलं गेलं. ओठ जड झाल्याची खात्री झाल्यावर डॉक्टरांनी हिरडीवर छोटी चीर दिली आणि ती अलगद बाजूला केली. खाली पांढरट हाड दिसू लागलं.

ड्रिलचं काम चालतं ते माझ्या कल्पनेपेक्षा खूपच सावकाश. पहिला ड्रिल सुमारे 2 मिलिमीटरचा. त्याने फक्त दिशा आणि खोली ठरते. तो बाहेर काढून भोकात एक सरळ पिन ठेवली आणि एक्स-रे घेतला. खालच्या जबड्यातून एक नस जाते. ती ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. तिच्यापासून किमान 2 मिलिमीटर अंतर राखायचं असतं. दिशा बरोबर असल्याचं पाहूनच पुढचा, किंचित जाड ड्रिल आला, मग त्याहून जाड. प्रत्येक वेळी मदतनीस मुलगी थंड सलाईनची धार सोडत होती आणि डॉक्टर ड्रिल थोडा आत नेऊन लगेच बाहेर काढत होत्या. हाड 47 अंश सेल्सियसला मिनिटभर तापलं तरी तिथल्या पेशींना इजा होते आणि मेलेल्या पेशी कशालाच धरून ठेवू शकत नाहीत. म्हणून गती मिनिटाला साधारण 800 ते 1000 फेऱ्यांवर ठेवली होती आणि हाताचा दाब बेताचा. या टप्प्यावर घाई झाली तर तिची किंमत महिन्यांनी कळते.

मग निर्जंतुक कुपी उघडली गेली. आतला स्क्रू करंगळीच्या नखाहून फार मोठा नव्हता. त्याचा पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत केलेला असतो. वाळूसारख्या कणांचा मारा आणि आम्ल यांनी त्यावर सूक्ष्म खड्डे पाडतात, म्हणजे हाडाला धरायला जागा मिळते. डॉक्टरांनी त्याला बोट लावलं नाही. कुपीतून थेट यंत्राच्या टोकाला आणि तिथून थेट हाडात. स्क्रू फिरू लागला तसा पडद्यावरचा आकडा चढत गेला आणि 35 न्यूटन-सेंटिमीटरच्या आसपास थांबला. इतकी पकड सुरुवातीला पुरेशी असते. वर छोटं झाकण, दोन-तीन टाके, गालावर बर्फ. कुपीवरचा स्टिकर डॉक्टरांनी एका कार्डावर चिकटवला. त्यावर कंपनीचं नाव, माप आणि बॅच क्रमांक होता. "हे कार्ड पासपोर्टजवळ ठेवा," असं त्यांनी बजावलं. उद्या बेळगावात कॅपचा स्क्रू सैल झाला, तर तिथल्या डॉक्टरांना कोणत्या कंपनीची किल्ली लागेल, हे फक्त त्या कार्डावरून कळणार.

सूज दोन-चार दिवसांत उतरली. टाके निघाले, दुखणं थांबलं आणि आईला वाटलं, झालं सगळं. तेव्हा डॉक्टरांनी जे समजावलं, ते मला या साऱ्या प्रक्रियेतलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पहिल्या दिवशी स्क्रू टिकतो तो केवळ यांत्रिक पकडीवर. त्यानंतर शरीर स्क्रूला चिकटलेलं, ड्रिलने दुखावलेलं जुनं हाड थोडं थोडं काढून टाकतं आणि तिथे नवं हाड घालू लागतं. जुनं गेलेलं असतं, नवं अजून कच्चं असतं. म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास पकड पहिल्या दिवसापेक्षा कमी असते. नेमकं त्याच वेळी रुग्णाला काहीच दुखत नसतं आणि त्या बाजूने शेंगदाणा चावून पाहावासा वाटतो. खालच्या जबड्यात साधारण तीन महिने थांबतात. वरचं हाड विरळ असतं, म्हणून तिथे चार ते सहा.

काही रुग्णांमध्ये हाड भरपूर आणि पकड चांगली असेल, तर दात लगेच बसवता येतो. ती निवड डॉक्टरांनी स्कॅन आणि पकडीचा आकडा पाहून करायची असते. रुग्णाला मुलीच्या लग्नाची घाई आहे, हे त्याचं कारण होऊ शकत नाही.

तीन महिन्यांनी हिरडी थोडी उघडून स्क्रूला एक छोटी खुंटी जोडली गेली आणि कंपनाने पकड मोजणारं यंत्र तिच्याजवळ धरलं. आकडा 70 च्या वर आला, म्हणजे पकड पक्की झाली होती. मग तोंडात स्कॅनर फिरवून माप घेतलं आणि खिडकीजवळ उजेडात शेजारच्या दाढांचा रंग जुळवला.

कॅप तयार करणारी लॅबही मी पाहून आले. झिर्कोनियाची कच्ची, ठिसूळ पांढरी चकती यंत्रात बसवतात. यंत्र तिच्यातून दाढ कोरतं, पण अंतिम मापाहून सुमारे पाचव्या हिश्शाने मोठी. पुढे भट्टीत 1500 अंश सेल्सियसच्या आसपास ती भाजली की आकसून बरोबर मापाची आणि कणखर होते. त्यानंतर तंत्रज्ञ तरुण बारीक ब्रशने खाचांमध्ये तपकिरी छटा भरत होता. साठी ओलांडलेल्या तोंडात शुभ्र दाढ परकी दिसते, म्हणून हा रंग. ज्यांच्या तोंडात ही दाढ जाते, ती माणसं या तरुणाला कधी भेटत नाहीत. त्याच्या कामाची नोंद इथे तरी व्हावी.

कॅप बसवताना डॉक्टरांनी निळा कागद दातांमध्ये ठेवून आईला पुन्हा पुन्हा चावायला लावलं. कॅपवर गडद निळा ठिपका उमटला की तेवढा भाग घासायचा. नव्या दाढेवर दाब शेजारच्यांपेक्षा किंचित कमीच ठेवायचा होता. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती तंतूंचं पातळ आवरण असतं. चावताना ते किंचित दबतं आणि खडा लागला तर क्षणात मेंदूला कळवतं. इम्प्लांटभोवती ते आवरण नसतं, हाडाला थेट धातू. म्हणून जास्तीचा भार त्याला आपणहून टाळता येत नाही. तो डॉक्टरांनी आधीच टाळायचा असतो.

खर्चाबद्दल विचारायला संकोच करू नये. स्कॅन, स्क्रू, अबटमेंट, कॅप आणि गरज पडली तर हाड भरण्याचा खर्च, हे सगळं धरून आकडा सांगितलाय की फक्त स्क्रूचा, हे लेखी घ्यावं. साध्या आरोग्यविम्यात हा खर्च सहसा बसत नाही. दंत महाविद्यालयांत पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली हेच काम कमी खर्चात करतात. तिथे वेळ जास्त लागतो, पण ज्या कामाचा जीवच वेळ आहे, त्यात ही अडचण फार मोठी नाही.

शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी सर्वाधिक वेळ दिला तो साफसफाईला. इम्प्लांटला कीड लागत नाही, हे खरं. पण त्याच्याभोवती अन्न साचलं, तर हिरडी सुजते आणि खालचं हाड हळूहळू झिजतं, तेही बहुधा न दुखता. दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश आईच्या हातात देऊन त्यांनी आरशासमोर तो तिच्याकडूनच फिरवून घेतला. वर्षातून किमान एकदा तपासणी, गरजेप्रमाणे एक्स-रे, आणि हिरडीतून रक्त आलं तर वाट न पाहता फोन.

आई आता दोन्ही बाजूंनी चावते आणि भाकरी कोरडीच खाते. पण हे सगळं पाहून माझं मत बनलं ते इम्प्लांट हवंच असं नाही. दात रूट कॅनाल करून वाचत असेल, तर तो वाचवावा. तंतूंचं ते आवरण कोणतीही लॅब तयार करू शकत नाही. आणि दात काढावाच लागला, तर त्याच दिवशी, त्याच खुर्चीत बसून डॉक्टरांना विचारावं, की या जागेचं पुढे काय करायचं. हाड सर्वांत वेगाने झिजतं ते पहिल्या काही महिन्यांत. नंतर महिनोन्‌महिने थांबावंच लागतं. तेव्हा प्रश्न विचारायला तरी वर्षं घालवू नयेत.