*गोचीड आणि तिच्या आतला भिडू*



"औषध मारलं तरी महिन्याभरात गोचीड परत येते, असं का?" हा प्रश्न पावसाळ्यात हमखास येतो. त्याचं उत्तर समजून घेऊ.

गोचीड आयुष्यभर फक्त रक्त पिते. पण रक्तात बी गटातली जीवनसत्त्वं फार कमी असतात. ती कमतरता भरून काढतात तिच्या शरीरातले *कॉक्सिएला* जातीचे जिवाणू. ते जीवनसत्त्वं बनवतात, गोचीड त्यांना आसरा देते. मादी अंड्यांतूनच ते पिल्लांना देते. लाखो वर्षांच्या या सोबतीत दोघं एकमेकांवाचून जगेनासे झालेत. ढेकूण आणि उवा यांच्यातही असेच, पण वेगळ्या जातीचे जिवाणू असतात.

२०१७ साली ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी आपल्याकडेही आढळणाऱ्या गुरांच्या गोचिडीतले हे जिवाणू टेट्रासायक्लिनने कमी केले. गोचिडीची वाढ अर्धवट थांबली, ती प्रौढ झालीच नाही.

⚠️ *म्हणून गोचिडीसाठी गुरांना टेट्रासायक्लिन टोचू नका.* तो प्रयोग होता, उपचार नाही. औषधाचा अंश दुधात उतरतो आणि पुढे खऱ्या आजारात ते लागू पडेनासं होतं.

*मग करायचं काय?* अंडी घालण्याआधी मादीला गाठायचं. पिल्लू जनावरावर चढल्यापासून साधारण ३ आठवड्यांत मादी फुगून खाली पडते आणि दोन-तीन हजार अंडी घालते. अंडी गोठ्यात, पिल्लंही तिथेच. नुसत्या जनावरावर औषध मारून म्हणूनच भागत नाही.

✅ जनावर आणि गोठा, दोन्हींवर एकाच दिवशी फवारणी करा. औषध, प्रमाण आणि दुसऱ्या फवारणीचा दिवस पशुवैद्यकांना विचारूनच ठरवा.
✅ जांभ्याच्या चिऱ्यांतली भोकं आणि सांधे चुन्याने किंवा सिमेंटने बुजवा. गोचीड तिथेच लपून अंडी घालते.
✅ कानाच्या आत, शेपटीखाली, कासेजवळ रोज बघा. काढलेली गोचीड हाताने चिरडू नका, साबणाच्या पाण्यात टाका.
✅ गावठी कोंबड्या गोठ्यात सोडा, त्या गोचिडी वेचतात. फवारणीनंतर मात्र काही दिवस कोंडून ठेवा.

लघवी लाल, ताप, जनावर चारा खात नाही, असं दिसलं तर गोचीडताप असू शकतो. थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.