जुन्या गाडीच्या नसा



दिमोनात आमच्या घरापुढे यांची १९८३ सालची मर्सिडीज ३०० डी उभी असते. यांनी तिच्यावर बावीस वर्षे टॅक्सी चालवली. हे गेल्यावर मुलगे म्हणाले, "आई, भंगारात देऊन टाक." नातू मात्र ऐकेना. मागच्या उन्हाळ्यात गाडीखाली तेलाचा डाग दिसला आणि पुन्हा तोच विषय निघाला.

इंजिनाचे तेल थंड करायला पुढे रेडिएटरशेजारी एक कूलर असतो. तेल तिथे नेणारी एक नळी, परत आणणारी दुसरी. टोकांना लोखंड, मध्ये रबर. चाळीस वर्षे गरम तेल सोसून रबर कडक होते, सांध्यापाशी चिरते. यात बनवणाऱ्याचा दोष नाही. मी नर्स होते, म्हाताऱ्या माणसाच्या रक्तवाहिन्या अशाच! बाहेरून काही कळत नाही. नळी रस्त्यात फुटली तर तेल सगळे बाहेर आणि थोड्याच वेळात इंजिन जाम.

मेकॅनिक म्हणाला, "एसीच्या नळ्या आड येतात. एसी काढूनच टाकू."

मी म्हटले, "नाही रे बाबा. नेगेवच्या उन्हात प्रवाशांचे हाल नकोत म्हणून यांनी मुद्दाम कंपनीच्या एसीची गाडी घेतली होती. तो राहिलाच पाहिजे."

मुलांनो, एसीच्या नळीत दाबाखाली गॅस असतो. जुन्या गाड्यांत आर-१२ नावाचा असे. तो ओझोनच्या थराला मारक, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर बंद होत गेला. असा गॅस अंगावर उडाला तर कातडी गोठते, डोळ्याला इजा होते. ती नळी आपण कधीही उघडायची नाही!

मेकॅनिकने मग एसीचा एकही सांधा न सोडता फक्त क्लिपा काढल्या आणि नळ्या बाजूला बांधून ठेवल्या. कूलर ॲल्युमिनियमचा, आटे नाजूक. म्हणून दोन पाने घेतले, एकाने धरायचे, दुसऱ्याने फिरवायचे. लोखंडी टोके जपून ठेवली. ट्रॅक्टरचे होज बनवणाऱ्या दुकानातून त्यांत तेलाला टिकणारे नवे रबर प्रेसवर बसवून आणले.

गाडी चालू केली. तेलाच्या दाबाचा काटा तीनवर गेला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. खाली एक थेंब नाही. नातवाने एसी लावला, म्हणाला, "साफ्ता, बस." पहिली फेरी आम्ही यांच्या कबरीपर्यंत केली.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर डाग पडायची वाट पाहू नका, नळ्या आधीच तपासून घ्या. आणि मंडळी, आपले ब्लडप्रेशरसुद्धा!