अण्णांचा ठेका

अलिबागजवळ थळला मित्राची हळद होती. बँजोवाल्यांनी आधी कोळीगीतं वाजवून अंगण दणाणून सोडलं आणि मग एकदम 'शोला जो भडके'वर उडी मारली. फोनमध्ये अशर आणि बियॉन्से घेऊन फिरणारी आमची ऑफिसातली गँग आपोआप उठली. घामाघूम झाल्यावर एकीने विचारलं, "हे आरडीचं ना?"

नाही हो. हे अण्णांचं. म्हणजे रामचंद्र चितळकर, ऊर्फ सी. रामचंद्र. जन्म १९१८, गाव नगर जिल्ह्यातलं पुणतांबं. हिरो व्हायला आले, १९३५च्या 'नागानंद'मध्ये झालेही, पण जमलं नाही. मग मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये छोटी कामं, पेटी वाजवणं, आणि पेटीवरून थेट संगीतकाराच्या खुर्चीत.

आता एक मजेशीर योगायोग. अमेरिकेत काळ्या कलाकारांच्या नाचऱ्या संगीताला 'बिलबोर्ड'ने 'रिदम अँड ब्लूज' हे नाव दिलं १९४९ साली. त्याच वर्षी आपल्याकडे 'पतंगा' आला. 'मेरे पिया गये रंगून' आठवतंय? त्यात शमशाद बेगमबरोबरचा आवाज खुद्द अण्णांचा. गायचं असलं की ते 'चितळकर' व्हायचे. चाल आपली, आवाज आपला, वादक आपण निवडलेले. आज याला आपण ऐटीत 'प्रोड्यूसर' म्हणतो.

१९५१च्या 'अलबेला'त तर त्यांनी धमालच केली. बोंगो, ट्रंपेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, आणि समोर नाचायला भगवानदादा. त्याच सिनेमात लताबाईंची 'धीरे से आजा री' ही अंगाईसुद्धा आहे, हे विसरू नका. पुढे 'अनारकली' (१९५३) करणारा हाच माणूस 'आशा'त (१९५७) 'ईना मीना डीका' करतो. नाकं मुरडणारे तेव्हाही होते. मला विचाराल तर अण्णांनी नक्कल केली नाही; परका ठेका घेऊन त्यावर आपली चाल चढवली.

पण हे सगळं एकट्याने? छे. मुंबईच्या स्टुडिओंत तेव्हा गोव्याचे वादक होते. चर्चच्या शाळांत नोटेशन शिकून आलेले. संगीतकार पेटीवर चाल सांगणार, अरेंजर ती कागदावर उतरवून प्रत्येक वाद्याचा तुकडा लिहिणार, आणि मग सगळे एकत्र बसून वाजवणार. 'ईना मीना'च्या बोलांत कोकणी 'माका नाका' घुसलंय, तेही या मंडळींमुळेच, असं सांगतात. रेकॉर्डवर नाव मात्र संगीतकाराचं. अरेंजरच्या वाट्याला फार तर 'सहाय्यक'. आज एका गाण्यामागे सात जणांची नावं येतात तेव्हा आपण हसतो, पण मला ते बरंच वाटतं.

यातला माझा लाडका चिक चॉकलेट. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातलं हळदोणे, मुंबईचा 'लुई आर्मस्ट्राँग'. तो १९६७मध्ये गेला. अण्णांनी 'घरकुल' (१९७०) काढला, 'पप्पा सांगा कुणाचे' दिलं आणि ५ जानेवारी १९८२ला तेही गेले.

'अलबेला'तलं 'दीवाना ये परवाना' शोधून बघा. झालरीचे शर्ट घातलेला बँड दिसेल. तोच चिक आणि त्याची मंडळी.